एक रकाना, एक तारीख: रवांडा-किवूचा संघर्ष वाचण्याची रीत

वसाहतोत्तर सिद्धांत, म्हणजे वसाहती राजवटीने मागे काय ठेवलं ते तपासणारा विचार, मराठीत आला तो मुख्यतः साहित्याच्या वर्गातून. त्यामुळे हा शब्द ऐकला की आपल्याला कादंबरी, भाषांतर, इंग्रजीचं वर्चस्व, फार तर देशीवादाची चर्चा आठवते. युद्ध, सीमा, निर्वासित यांच्या अभ्यासात तो वापरायचा म्हटला की बहुतेक निबंध एकाच वाक्यापाशी येऊन थांबतात: गोऱ्यांनी 'फोडा आणि झोडा' केलं, म्हणून हे लोक आज लढताहेत. वाक्य खोटं नाही. पण त्यातून काही कळतही नाही. कोणी फोडलं, कोणत्या साली, कोणत्या कागदाने, आणि गोरे गेल्यावर तो कागद इतकी वर्षं कोणी जपून ठेवला, हे सांगता येत नसेल तर सिद्धांत फक्त उच्चारला गेला, वापरला गेला नाही.

म्हणून इथे एकच प्रकरण घेतो: रवांडा आणि त्याला लागून असलेला काँगोचा किवू प्रदेश. जानेवारी २०२५मध्ये एम-२३ या बंडखोर गटाने गोमा शहर घेतलं, फेब्रुवारीत बुकावू. रवांडाचं सैन्य या गटाच्या पाठीशी असल्याचं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने वारंवार नोंदवलं आहे. रवांडा ते नाकारत आला आहे. उत्तर किवूत भारतीय सैनिक शांतिसेनेत बरीच वर्षं तैनात आहेत, त्यामुळे गोमा हे नाव आपल्याही बातम्यांत अधूनमधून येतं. येतं ते 'हुतू-तुत्सी वांशिक संघर्ष' या ठरलेल्या साच्यात. हुतू हा रवांडातला बहुसंख्य समूह, तुत्सी अल्पसंख्य. हा साचा कसा घडला, ते टप्प्याटप्प्याने कसं शोधायचं, एवढाच इथला विषय.

सुरुवात कागदापासून

काम हाती घेताना सिद्धांताची पुस्तकं थोडी बाजूला ठेवावीत. एक आडवा कागद घेऊन चार रकाने आखावेत. पहिल्या रकान्यात वस्तू: आजच्या संघर्षात प्रत्यक्ष वापरली जाणारी एखादी नोंद, सीमारेषा, कायद्याचं कलम किंवा शब्द. दुसऱ्यात ती कधी आणि कोणी जन्माला घातली. तिसऱ्यात तिच्यामुळे कोणाला काय मिळालं आणि कोणाचं काय गेलं: जमीन, सरदारकी, शाळेतली जागा, वेठबिगारीतून सुटका. चौथ्यात स्वातंत्र्यानंतर ती कोणी राखली आणि कशासाठी.

किवूसाठी चार-पाच ओळी पुरतात. पंधरा ओळी झाल्या तर समजावं की वस्तूंच्या जागी कल्पना भरल्या जाताहेत. 'वर्चस्व' किंवा 'परकेपण' पहिल्या रकान्यात बसत नाही, 'ओळखपत्र' बसतं. आणि चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत नेमका तोच रिकामा दिसतो.

ओळखपत्र जवळून बघताना

पहिली ओळ ओळखपत्राची. बेल्जियमच्या प्रशासनाने १९३३-३४मध्ये रवांडात शिरगणती केली आणि लोकांना वांशिक नोंद असलेली ओळखपत्रं दिली. १९९४च्या तुत्सींच्या वंशसंहारात नाक्यानाक्यावर मारेकऱ्यांनी जे कार्ड मागितलं, त्याचं मूळ या शिरगणतीत आहे.

हे नंतरचं कार्ड बारकाईने बघण्यासारखं आहे. त्यावर मजकूर किन्यारवांडा आणि फ्रेंच अशा दोन्ही भाषांत छापलेला. एका ओळीत 'उब्वोको' हा किन्यारवांडा शब्द, त्याच्याच जोडीला फ्रेंचमध्ये 'एथ्नी', आणि पुढे कंसात चार पर्याय: हुतू, तुत्सी, त्वा (तिसरा, अगदी छोटा समूह) आणि नागरिकत्व मिळालेला परदेशी. लागू नसलेले पर्याय कारकून रेघ मारून खोडायचा. एक शब्द तेवढा न खोडता उरायचा. एप्रिल ते जुलै १९९४ या सुमारे शंभर दिवसांत त्या न खोडलेल्या शब्दावरून माणूस जगणार की मरणार हे ठरलं. संयुक्त राष्ट्रांचा अंदाज सुमारे ८ लाख मृतांचा आहे. रवांडाचं सरकार १० लाखांहून अधिक सांगतं.

'उब्वोको' या शब्दावर थोडं थांबायला हवं. किन्यारवांडात त्याचा अर्थ प्रकार, आणि माणसाच्या बाबतीत कूळ. रवांडात मोठी कुळं सुमारे १८, आणि एकाच कुळात हुतू, तुत्सी, त्वा असे तिघेही सापडतात. पूर्वी एखाद्याला त्याचं उब्वोको विचारलं असतं तर त्याने कुळाचं नाव सांगितलं असतं. छापील कार्डाने प्रश्न तोच ठेवला आणि उत्तर बदललं. मराठीतल्या 'जात' शब्दाशी हे ताडून बघा. आंब्याची जात, कापसाची जात, माणसाची जात असा तो बोलण्यात सैल फिरतो. शिरगणतीच्या तक्त्यात गेला की त्याचा एकच अर्थ उरतो आणि तो हलत नाही. बोलीतला सैल शब्द सरकारी रकान्यात शिरला की घट्ट होऊन बाहेर येतो, ही गोष्ट शब्दकोश उघडल्याशिवाय हाती लागत नाही. कोणत्याही प्रकरणात स्थानिक भाषेतले निदान पाच-सहा शब्द मूळ अर्थासह काढून घ्यावेत, ते यासाठी.

इथेच एक ठरलेली चूक होते. 'बेल्जियन येण्याआधी हुतू-तुत्सी असा काही भेदच नव्हता, सगळे गुण्यागोविंदाने नांदत होते' असं लिहिलं जातं. ते खरं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात राजा र्वाबुगिरीने राज्य वाढवलं आणि 'उबुरेत्वा' नावाची वेठ लादली. जमीन कसण्याच्या बदल्यात सरदाराकडे फुकट राबायचं, आणि हे ओझं हुतूंवर होतं, तुत्सींवर नव्हतं. 'उबुहाके' ही गाईंच्या देवघेवीवर उभी असलेली आश्रित-आश्रयदाता व्यवस्थाही बेल्जियनांच्या आधीची. म्हणजे उतरंड होती, अन्यायही होता. पण त्या उतरंडीला फटी होत्या. गुरं जमवून, लग्नसंबंध जोडून हुतू कुटुंब पुढे तुत्सी गणलं जाऊ शकत होतं, आणि त्या प्रक्रियेला 'क्विहुतुरा' म्हणजे हुतूपण टाकणं असा स्वतंत्र शब्द आहे. गुरं गेली की उलटा प्रवासही व्हायचा. असे किती जण होते हा वादाचा मुद्दा आहे. पण शब्द आहे म्हणजे वाट होती. कार्डाने ती वाट बंद केली.

दहा गाई असतील तर तुत्सी, कमी असतील तर हुतू, अशी नोंद झाल्याची गोष्ट जागोजागी वाचायला मिळते. तिच्यावर निबंध उभा करू नये. नोंदणीत चर्चकडची माहिती, लोकांचं तोंडी सांगणं, शरीराची मापं आणि गुरांची मालकी असं बरंच काही वापरलं गेलं. दहा गाईंचा सरसकट नियम इतिहासकार जसाच्या तसा मान्य करत नाहीत. गोष्ट चटपटीत असली की ती दोनदा तपासावी.

कार्डाच्या आधीचा बदल

खरं तर कार्डापेक्षा मोठा घाव त्याच्या आधीच बसला होता, आणि त्याची चर्चा फार कमी होते. जुन्या व्यवस्थेत एकाच मुलखावर तीन सरदार असत: एक जमिनीचा, एक कुरणांचा, एक सैन्याचा. जमिनीचा सरदार अनेकदा हुतू असे. शेतकऱ्याला एकाने नाडलं तर तो दुसऱ्याकडे दाद मागू शकत होता; तिघांच्या आपसातल्या चुरशीत त्याला श्वास घ्यायला जागा मिळायची. बेल्जियमच्या मॉर्तेहान नावाच्या रेसिडेंटच्या, म्हणजे रवांडातल्या मुख्य वसाहती अधिकाऱ्याच्या काळात, साधारण १९२६पासून पुढच्या काही वर्षांत, हे तिन्ही अधिकार एकवटून एकाच सरदाराच्या हाती दिले गेले. प्रशासन सुटसुटीत करणं हा उद्देश. निवडले गेलेले सरदार जवळजवळ सगळे तुत्सी. हुतू सरदार हटवले गेले. कर गोळा करणं, रस्त्यांसाठी माणसं पुरवणं, सक्तीची पिकं लावून घेणं ही सगळी कामं या एका माणसाकडे आली. १९३१मध्ये राजा मुसिंगालाच पदच्युत करून त्याच्या मुलाला गादीवर बसवलं. आस्त्रिदाच्या सरकारी शाळेत प्रशासनासाठी मुख्यतः तुत्सी मुलं तयार होऊ लागली.

आता खेड्यातल्या हुतू शेतकऱ्याच्या जागेवरून बघा. चाबूक ज्याच्या हातात दिसतो तो तुत्सी सरदार. त्याच्या मागे उभा असलेला बेल्जियन अधिकारी त्याला क्वचितच दिसतो. तक्त्याचा तिसरा रकाना भरताना हे नीट लिहावं लागतं, कारण सर्वसामान्य तुत्सी गुराख्याला या व्यवस्थेतून फारसं काहीच मिळालं नाही. मिळालं ते मूठभर घराण्यांना. पण कार्डावर दोघांच्या नावापुढे शब्द एकच.

या सगळ्याला समर्थन पुरवलं ते 'हामी' सिद्धांताने. नाईलचं उगमस्थान शोधणारा इंग्रज प्रवासी स्पीक याने १८६३मध्ये छापलेल्या प्रवासवृत्तात मांडलं की या भागातले राज्यकर्ते उत्तरेकडून, इथिओपियाच्या बाजूने आलेले श्रेष्ठ वंशाचे लोक असावेत. आफ्रिकेत जिथे राज्यव्यवस्था दिसेल तिथे ती बाहेरून आलेली असणार, असं त्यामागचं गृहीत. पुढे मिशनरी आणि अधिकारी यांनी तेच शाळेत शिकवलं. तुत्सींना त्यातून 'श्रेष्ठ' ठरवलं गेलं, पण त्याच वाक्यात 'परके'ही ठरवलं गेलं. १९९२च्या नोव्हेंबरमध्ये कबाया इथल्या सभेत लेओन मुगेसेरा या सत्ताधारी पक्षाच्या नेत्याने तुत्सींना न्याबारोंगो नदीच्या वाटेने इथिओपियाला परत धाडण्याची भाषा केली. दीड वर्षाने त्याच नदीतून प्रेतं वाहत गेली. स्पीकच्या पुस्तकापासून त्या सभेपर्यंत १२९ वर्षं आहेत, आणि मधला प्रत्येक दुवा दाखवता येतो: मिशन शाळा, शिरगणती, पक्षाचं व्यासपीठ. 'वसाहतवादी ज्ञान' हा शब्द वापरायचा असेल तर असे दुवे दाखवून वापरावा.

महमूद ममदानी यांनी याबद्दल केलेली मांडणी इथे थेट उपयोगी पडते. मुंबईत जन्मलेले आणि कंपालात वाढलेले हे अभ्यासक सांगतात की वसाहतवादी कायद्याने आफ्रिकेत लोकांचे दोन ढीग केले: परके ठरलेले 'वंश' आणि मूळचे ठरलेल्या 'जमाती'. हुतू-तुत्सी भेद रवांडात 'वंशा'चा बनवला गेला, म्हणजे एक बाजू इथली आणि दुसरी बाहेरची. शेजाऱ्याशी भांडण मिटवता येतं. परक्याला हाकलायचं असतं, अशी समजूत असते. वंशसंहाराची भाषा कुठून आली हे या फरकातून जितकं उलगडतं तितकं 'पुरातन वैर' या शब्दांतून उलगडत नाही.

चौथा रकाना

मार्च १९५७मध्ये काही हुतू सुशिक्षितांनी एक जाहीरनामा काढला. तुत्सी मक्तेदारीविरुद्धचा, अनेक अर्थांनी न्याय्य मागण्यांचा तो दस्तऐवज आहे. पण ओळखपत्रावरची हुतू-तुत्सी-त्वा ही नोंद काढून टाकू नका, असंही त्यात आग्रहाने म्हटलेलं आहे. कारण नोंद गेली तर कोणाला किती संधी मिळाली हे आकड्यांत सिद्ध करता येणार नाही. हे वाचून चटकन निकाल देऊ नये. दडपलेल्या समूहाला आपली संख्या मोजली जावी असं वाटणं आपल्याला चांगलं कळतं. पण वसाहतीने घातलेली बेडी तिच्यात अडकलेल्याच माणसांनी हत्यार म्हणून उचलली, हा क्षण तक्त्यात यायलाच हवा. तो गाळला की पुढचा इतिहास फक्त बेल्जियनांच्या नावावर जातो आणि रवांडातली माणसं कळसूत्री बाहुल्या होऊन बसतात.

१९५९च्या नोव्हेंबरपासून उठाव झाला. बेल्जियनांनी ऐनवेळी बाजू बदलून हुतू नेत्यांना साथ दिली, लाखाहून जास्त तुत्सी युगांडा, बुरुंडी, काँगो, टांझानियाकडे पळाले, आणि १ जुलै १९६२ रोजी देश स्वतंत्र झाला. पहिले अध्यक्ष कायिबांडा यांच्या सरकारने कार्ड ठेवलं. १९७३मध्ये सत्ता बळकावणाऱ्या हाब्यारिमाना यांनीही ठेवलं, आणि त्याच्या आधारे शाळा व नोकऱ्यांत तुत्सींना सुमारे १० टक्क्यांच्या आत रोखणारी कोटापद्धत चालवली. सरकार आणि तुत्सी निर्वासितांची बंडखोर आघाडी यांच्यातल्या ऑगस्ट १९९३च्या अरुशा शांतता करारात सगळ्या सरकारी कागदांवरून वांशिक नोंद काढून टाकण्याचं कलम होतं. करारातलं सरकारच स्थापन झालं नाही. आठ महिन्यांनी वंशसंहार सुरू झाला तेव्हा कार्ड तेच होतं.

आपल्याकडच्या वाचकाला हा चौथा रकाना समजायला एक जवळचं उदाहरण आहे. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या समाजांवर शिक्का मारला. कायदा १९५२मध्ये रद्द झाला, समाज 'विमुक्त' झाले, पण चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी पारध्यांच्या पालाकडे वळते हे महाराष्ट्रात कोणाला सांगायला नको. कायद्याची मुदत संपली म्हणून सवयीची मुदत संपत नाही, आणि ती सवय जपणारे आता आपलेच असतात.

तारीख: १ ऑगस्ट १८८५

दुसरी ओळ किवूची आणि ती कमी माहितीची. किन्यारवांडा बोलणारे लोक आजच्या काँगोच्या रुत्शुरू भागात सीमा आखली जाण्याआधीपासून होते. त्याशिवाय १९३७पासून बेल्जियनांनी दाट वस्तीच्या रवांडातून हजारो कुटुंबं काँगोच्या मासिसी डोंगराळ भागात आणून वसवली. मळ्यांना मजूर हवे होते आणि रवांडातला दुष्काळ-दाटी कमी करायची होती. जमीन हुंडे या तिथल्या जमातीची होती. आलेल्यांसाठी गिशारी नावाची वेगळी सरदारकी काढली गेली आणि १९५७मध्ये मोडलीही गेली. जमिनीचा हक्क सरदारकीतून मिळतो, सरदारकी 'मूळच्या' जमातीला मिळते, आणि आलेल्यांकडे आता सरदारकी नाही. पुढचं भांडण इथेच पेरलं गेलं.

स्वतंत्र झाईरच्या (काँगोचं तेव्हाचं नाव) मोबुटू राजवटीने १९७२च्या कायद्याने १ जानेवारी १९५०पूर्वी किवूत आलेल्या रवांडा-बुरुंडी वंशाच्या लोकांना नागरिकत्व दिलं. १९८१च्या कायद्याने ते काढून घेतलं. नवी अट अशी की आपले पूर्वज ज्या जमातीचे होते ती जमात १ ऑगस्ट १८८५ रोजी झाईरच्या भूमीवर वसलेली असली पाहिजे. ही तारीख बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याच्या खासगी मालकीच्या 'काँगो मुक्त राज्या'च्या घोषणेची. रबरासाठी माणसांचे हात तोडणारं हेच ते राज्य. स्वतःला आफ्रिकी अस्मितेचा कैवारी म्हणवणाऱ्या, देशाचं आणि नदीचं नाव बदलणाऱ्या राजवटीने, कोण आपला आणि कोण परका हे ठरवायला लिओपोल्डच्या राज्याची जन्मतारीख वापरली. आणि डोंगरातल्या शेतकऱ्याने १८८५चा पुरावा आणायचा कुठून? त्या साली त्या डोंगरांत युरोपीय कारकूनही पोचलेला नव्हता.

एकाच माणसाच्या आयुष्यात काय झालं ते बघा. १९३९मध्ये वडिलांबरोबर मासिसीत आलेला मुलगा १९७२मध्ये नागरिक, १९८१मध्ये परका. १९९३मध्ये मासिसी-वालिकालेत बन्यारवांडांवर, म्हणजे किन्यारवांडा बोलणाऱ्यांवर, हल्ले झाले. जुलै १९९४मध्ये वंशसंहार करणाऱ्यांसह १० लाखांच्या आसपास हुतू निर्वासित गोम्याभोवती आले. एप्रिल १९९५मध्ये झाईरच्या संसदेने रवांडा-बुरुंडी मूळच्यांना परत पाठवण्याचा ठराव केला, आणि ऑक्टोबर १९९६मध्ये दक्षिण किवूच्या उपराज्यपालाने तिथल्या बन्यामुलेंगे तुत्सींना आठवड्याभरात निघून जायला सांगितलं. त्याच महिन्यात युद्ध पेटलं. वंशसंहारानंतर रवांडात आलेल्या नव्या सरकारला सीमेवरच्या या निर्वासितांच्या छावण्या मोडायच्या होत्या, ते कारण स्वतंत्र आहेच. पण लढायला तयार तरुण मिळाले ते या कायद्यामुळे. २००४च्या नव्या कायद्याने तारीख ३० जून १९६०, म्हणजे स्वातंत्र्यदिनापर्यंत पुढे आणली. कागदावर हा प्रश्न बराच सुटला आहे. गावात 'तू इथला नाहीस' म्हणणाऱ्याने मात्र २००४चा कायदा वाचलेला नसतो.

सीमारेषा आणि तिचा वापर

रेषेबद्दल थोडक्यात. किवूची सीमा १९१०मध्ये ब्रसेल्समध्ये जर्मनी (बेल्जियनांच्या आधी रवांडा-बुरुंडी त्यांच्याकडे होते), बेल्जियम आणि ब्रिटन यांनी ठरवली. सरोवरातलं इजवी बेट बेल्जियमकडे गेलं. गोमा आणि गिसेनी ही दोन शहरं आज इतकी लागून आहेत की मधला नाका सोडला तर वस्ती अखंड वाटावी. एप्रिल २०२३मध्ये बेनिनमध्ये बोलताना रवांडाचे अध्यक्ष कागामे यांनी वसाहतकाळात सीमा आखताना रवांडाचा मोठा भाग पूर्व काँगोत आणि नैर्ऋत्य युगांडात गेल्याचं म्हटलं.

विधानात ऐतिहासिक सत्याचा अंश आहे, म्हणून ते अधिक काळजीने वाचायला हवं. जुन्या राज्याची पकड त्या भागांत सगळीकडे सारखी नव्हती. कुठे खंडणी येई, कुठे फक्त भाषा आणि नातीगोती होती. भाषा बोलली जाते तिथपर्यंत राज्य होतं असं मानणं हीच मुळी युरोपीय राष्ट्रराज्याची कल्पना. म्हणजे वसाहतवादाची तक्रार वसाहतवादाच्याच मापाने मोजली जाते. नेता 'वसाहती सीमा' असं म्हणाला की लगेच त्याला वसाहतोत्तर विचारवंत समजू नये. हा शब्द आता राजनयातलं चलन आहे. आफ्रिकी ऐक्य संघटनेने जुलै १९६४मध्ये कैरोत ठराव करून स्वातंत्र्यावेळच्या सीमा मान्य केल्या होत्या (सोमालिया आणि मोरोक्कोचा विरोध होता), ते सीमा न्याय्य वाटल्या म्हणून नव्हे. प्रत्येकाने रेषा सुधारायची म्हटली तर रक्ताला अंत राहणार नाही, हे त्यांना दिसत होतं. फेब्रुवारी २०२२मध्ये युक्रेनवरच्या चर्चेत केनियाचे राजदूत मार्टिन किमानी यांनी सुरक्षा परिषदेत हाच युक्तिवाद मांडला. तो मूळ भाषणातून वाचावा. वसाहतोत्तर विचार पुस्तकाबाहेर कसा बोलतो हे त्यात दिसतं.

जिथे हे हत्यार चालत नाही

तक्ता भरून झाल्यावर दोन कसोट्या लावाव्यात. पहिली कसोटी जुळ्या प्रकरणाची. बुरुंडी शेजारीच आहे. तेच जर्मन, तेच बेल्जियन, तोच हामी सिद्धांत, तेच दोन समूह. पण तिथे स्वातंत्र्यानंतर तुत्सी वर्चस्वाचं सैन्य सत्तेत राहिलं आणि १९७२मध्ये त्याने शिकलेल्या हुतूंना वेचून मारलं. मृतांचा आकडा लाखाच्या वर धरला जातो. वारसा सारखा, मारेकरी आणि बळी उलट. म्हणजे वसाहतवादाने सुरुंग पेरले हे खरं असलं, तरी कोणता कधी आणि कोणी उडवला हे १९६२नंतरच्या राजकारणातच शोधावं लागतं. ही कसोटी न लावलेला निबंध मी तरी अपुरा मानेन.

दुसरी कसोटी पैशाची. मासिसीतल्या रुबाया इथल्या कोल्टानच्या खाणी एम-२३ने २०२४मध्ये ताब्यात घेतल्या. त्या व्यापारावरच्या करातून गटाला महिन्याला सुमारे ८ लाख डॉलर मिळत असल्याचा संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाचा अंदाज आहे. कोल्टानमधलं टँटलम फोनच्या आणि संगणकाच्या सर्किटमध्ये लागतं. हा हिशेब ओळखीच्या आणि भाषेच्या विश्लेषणातून निघणार नाही. त्यासाठी खाणीपासून सीमेपर्यंतची वाहतूक, पोत्यांवरची लेबलं, निर्यातीचे आकडे हेच बघावं लागतं. दोन्ही हिशेब वेगळे मांडावेत आणि मग ते कुठे छेदतात ते शोधावं. मासिसीत ते जमिनीवर छेदतात. खाण कोणाच्या सरदारकीत येते, या प्रश्नावर.

स्रोतांबद्दल एक इशारा. प्रशासनाचे अहवाल फ्रेंचमध्ये, बेल्जियन कारकुनांनी लिहिलेले. त्यात 'जमात', 'रूढ कायदा', 'मूळ रहिवासी' हे शब्द तयार तथ्यासारखे येतात. ते मराठीत आणताना आपण 'आदिवासी' किंवा 'जातीय संघर्ष' असे आपले शब्द वापरले की एका साच्यातून काढलेलं प्रकरण दुसऱ्या साच्यात पडतं. 'हुतू', 'तुत्सी' तसेच ठेवावेत, आणि पहिल्यांदा येतील तिथे हे राजकीय गट कसे बनले ते दोन ओळींत सांगावं. १९९४नंतर रवांडाने कार्डावरची नोंद काढली, आणि फूट पाडणाऱ्या तसंच 'वंशसंहाराच्या विचारसरणी'च्या भाषेविरुद्ध कायदे केले. त्यांचा वापर विरोधकांवरही झाला. तेव्हा आजच्या रवांडात सरकारी कागदावर हुतू-तुत्सी सापडत नाहीत म्हणून ते लोकांच्या मनातूनही गेले, असा निष्कर्ष काढता येत नाही.

काँगोतली ओळ अजून पूर्ण व्हायची आहे. तिथे बरीच वर्षं राष्ट्रीय ओळखपत्रच नाही. लोक मतदार कार्डच ओळख म्हणून दाखवतात. २०२३च्या निवडणुकीसाठी नोंदणी झाली तेव्हा मासिसी आणि रुत्शुरूचा मोठा भाग एम-२३कडे होता. तिथे नोंदणी नीट झाली नाही, आणि डिसेंबरमध्ये मतदानही झालं नाही. ज्या दोन तालुक्यांत 'तू इथला की तिथला' हा प्रश्न नव्वद वर्षं विचारला जातोय, तिथल्या हजारो लोकांकडे त्या वर्षीचं कार्ड नाही. तक्त्यात खाली एक ओळ कोरी ठेवा: पहिल्या रकान्यात 'मतदार कार्ड', दुसऱ्यात '२०२३'.